मजकुराची जागा

"मावशी, ही पण परत आली," खिडकीआडून स्मिता म्हणाली आणि नाकारलेल्या मनिऑर्डरीचे पैसे तिनं बाहेर सरकवले.

कोपरखैरण्याच्या पोस्टात हे दोन वर्षं चाललं होतं. राजाबाई तुर्भ्याच्या मसाला बाजारात मिरच्या निवडायची, दर महिन्याला तुरुंगातल्या मुलाला पैसे धाडायची, आणि उदयसिंह ते परत पाठवायचा. बायकोला, वैष्णवीला, त्यानं जीव जाईस्तोवर मारलं होतं. आणि कोर्टात उभं राहून ते सांगितलं होतं त्याच्या आईनंच.

बाजारात तिचं नाव झालं. वैष्णवीचा बाप पंढरी कांदा-बटाटा बाजारात माथाडी होता. राजाबाई गेटवर दिसली की हातातलं काम टाकून पुढं यायचा.

"विहीणबाई, तुमी होता म्हणून माझ्या पोरीला न्याय मिळाला."

जाताना ओंजळभर कांदे तिच्या पदरात घालायचा. ते राजाबाईनं कधी चिरले नाहीत. स्टोव्हपाशी कोंब फुटून सडून जायचे.

कारण कोर्टानं विचारलं तेवढंच ती बोलली होती. दार उघडल्यावर काय दिसलं, ते. त्याच्या आधीचं कुणी विचारलंच नाही. रविवारची दुपार होती. बंद दाराआड वैष्णवी "आत्या, आत्याऽ" म्हणून सासूला हाका मारत होती. राजाबाई उठली खरी, पण दाराकडे गेली नाही. शेजारीपाजारी शोभा नको म्हणून तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हापासून भर दुपारी, बाजार नुसता कलकलत असताना, कुणीतरी आत्या म्हणायचं आणि ती वळून बघायची. मिरच्यांचा खाट उठला की बाकीच्या बायका नाकाला पदर लावायच्या. राजाबाई कान झाकून घ्यायची.

"मजकुरात काय लिहू?" स्मितानं नवा फॉर्म ओढला. "नेहमीचंच? खुशाल आहे?"

राजाबाईनं खिडकीची कड धरली.

"लिव. त्या दिवशी टीव्हीचा आवाज म्या वाढीवला."

स्मितानं वर पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच, बाय."

ती मनिऑर्डर परत आली नाही. पंधरा दिवसांनी तुरुंगाचा शिक्का मारलेलं पोस्टकार्ड आलं. राजाबाईला वाचता येत नव्हतं. ती ते घेऊन खिडकीशी आली. स्मिता हळू आवाजात वाचू लागली.

"पैसे घेतले. आवाज वाढला तो मला आत ऐकू आला होता. ती हाका मारत होती तरी तू आली नाहीस. मला वाटलं, आईची ना नाही. म्हणून मी थांबलो नाही. मग कोर्टात तू साळसूद झालीस, म्हणून तुझे पैसे नको वाटायचे. आता पाठवत जा."

स्मितानं कार्ड पालथं ठेवलं. मग म्हणाली, "मावशी, आत येऊन बसा जरा."

"नगं. कार्ड दे."

ती तडक कांदा-बटाटा बाजारात गेली. पंढरी एका गाळ्यापुढं ट्रक खाली करत होता. तिला बघून त्यानं पाठीवरची गोणी उतरवली, टॉवेलनं तोंड पुसलं.

"या, विहीणबाई."

"पावनं, आधी हे वाचा."

पंढरी चौथी शिकलेला. ओठ हलवत, अक्षराअक्षरावर बोट ठेवत तो वाचू लागला. एका ओळीवर बोट थांबलं. मागं गेलं. पुन्हा त्याच ओळीवर आलं.

"माझी पोरगी हाका मारत होती?"

"व्हय."

"कुणाला?"

"मला."

पंढरीनं कार्ड तिच्या हातात दिलं नाही, गोणीवर ठेवलं. ट्रकपाशी जाऊन तो वाकला. वरच्यानं त्याच्या पाठीवर गोणी टाकली. ती गाळ्यात उतरवून तो दुसरीसाठी गेला. मग तिसरीसाठी. गाळ्याचं दार अरुंद होतं. दर खेपेला तो अगदी तिच्या अंगावरून जायचा, आणि दर खेपेला राजाबाई वाट द्यायला भिंतीला टेकायची. पण ती तिथून हलली नाही.