फोनवरच्या बाई

मला फोनवर दुभाष्याचं काम मिळालं तेव्हा मुलगा हसला होता. "आई, एकतीस वर्षं वर्गात बडबडलीस, आता लोक तुला घरी बसून बडबडायला बोलावतायत."

"बडबड कसली?" सून म्हणाली. "उलट स्वतःचं एक अक्षर बोलायचं नाही, असं काम आहे ते. आईंना जमेल की नाही, तेवढंच बघायचं."

तिनं थट्टेत म्हटलं, पण नेमकं तेच खरं निघालं.

इथं, या परक्या देशात येऊन मला नऊ वर्षं झाली. आयुष्यभर पहिलीचा वर्ग शिकवला, म्हणून इथली भाषाही मी पहिलीपासूनच शिकले. वाचनालयात लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांशेजारी बसून, मांजर कसं म्हणतात, पाऊस कसा म्हणतात इथपासून. हळूहळू वर्तमानपत्रापर्यंत आले. दर रविवारी त्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत आपल्या मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवते. चौदा मुलं आहेत. त्यामुळे शहरातल्या सगळ्या मराठी घरांत मी बाई. मुलांची बाई, त्यांच्या आईवडिलांचीही बाई.

दुभाष्यांच्या कार्यालयात जी बाई आम्हाला शिकवायला होती, तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नाव सांगायचं नाही, फक्त क्रमांक. इकडून येईल तेवढंच तिकडे द्यायचं. पदरचं घालायचं नाही, नको ते गाळायचं नाही आणि धीर तर मुळीच द्यायचा नाही. पलीकडचं माणूस ओळखीचं निघालं तर तसं सांगून फोन सोडायचा. धीर द्यायचा नाही हे काही मला पटलं नव्हतं. पण परीक्षेत मी तसंच लिहिलं आणि पास झाले.

त्या मंगळवारी सकाळी पावणेअकराला फोन आला. मी माझ्या खोलीत पलंगाच्या कडेला बसले होते. कानाला हेडफोन, मांडीवर वही. बोलणाऱ्या डॉक्टर मनाच्या आजारांच्या होत्या. आवाज सावकाश, समजूतदार. म्हणाल्या, "या बाई चौदा आठवडे थांबल्या आहेत. आज त्यांना हवं तेवढं बोलू दे."

मी क्रमांक सांगितला, आणि मराठीत म्हटलं, "नमस्कार. मी दुभाषी बोलतेय. तुम्ही बोलाल ते सगळं मी डॉक्टरांना सांगेन."

"बरं," पलीकडून आवाज आला. मग, "म्हणजे बघा, मला काही झालेलं नाहीये तसं. म्हणजे बघा, दिसायला काही नाही."

दुसऱ्या 'म्हणजे बघा'ला मी ओळखलं. मॉनिटरची आई. आमच्या वर्गात एक आठ वर्षांची मुलगी आहे, सगळ्यांच्या वह्या गोळा करते, खुर्च्या मोजते, उशिरा येणाऱ्याला दारातच हटकते. तिला आम्ही मॉनिटर म्हणतो. तिची आई तिला सोडायला यायची, नीटनेटकी, हसतमुख, आणि 'म्हणजे बघा' म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू व्हायचं नाही.

त्याच क्षणी मी फोन सोडायला हवा होता. मी सोडला नाही. यादीत मराठीची आणखी एकच दुभाषी होती, आणि ती लेकीच्या बाळंतपणाला दूर गेलेली. मी सोडला असता तर हिचे पुन्हा चौदा आठवडे. शिवाय मी जरा घसा बसल्यासारखी, कामाच्या आवाजात बोलत होते. तिला कळायचं नाही असं मी धरून चालले.

आणि तिला कळलं नाही. ती बोलत गेली. धाकटा झाल्यापासून असं होतंय, म्हणाली. डबे भरते, मुलांना आवरते, सगळ्यांना पाठवते, आणि मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसते. उठायचं असतं, पण उठणं होत नाही. घड्याळात अडीच वाजले की मुलांना आणायला उठावंच लागतं, म्हणून उठते. "हे म्हणतात, तुला कमी काय आहे? खरंच कमी काही नाहीये हो. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही."

मी शब्दाला शब्द सांगत होते. मधेच डॉक्टर म्हणाल्या, "फार चांगलं सांगताय तुम्ही." तेही मी सांगितलं. ती रडवेली हसली. मुलाला पहिल्यांदा पाटीवर स्वतःचं नाव लिहिता आलं की तो असा हसतो.

मग डॉक्टरांनी विचारलं, "कधी जीव नकोसा होतो का? सगळं संपवावं असं मनात येतं का?"

मी विचारलं. माझा आवाज हलला नाही.

"म्हणजे बघा," ती म्हणाली, "परवा मुलांना शाळेत सोडून येत होते. आणि मनात आलं, की आता..."

तिथं तिचा बांध फुटला. तोंडावर हात दाबून रडणाऱ्या माणसाचा आवाज फोनवर फार जवळून येतो. आणि मी, एकतीस वर्षं रडणाऱ्या पोरांपुढे उकिडवी बसलेली बाई, बोलून गेले, "रडू नको बाळा. घाई नाही आपल्याला. हळूहळू सांग."

हे वाक्य मी दर रविवारी कुणाला ना कुणाला म्हणते. ती दारात उभी असताना तिच्या मुलीलाही म्हटलेलं आहे.

रडणं थांबलं. हळूहळू नाही. कापल्यासारखं.

"बाई?"

मी वहीचं पान उलटलं.

"बाई, तुम्ही आहात?"

"काय म्हणतायत त्या?" डॉक्टरांनी विचारलं.

येईल ते सांगायचं असतं. मी सांगितलं, "त्या विचारतायत, बाई, तुम्ही आहात का."

तेवढ्यात ती भराभरा बोलायला लागली, वर्गाच्या दारात बोलते त्याच आवाजात. "त्यांना सांगा, तसलं काही मनात नाही. झोप जरा कमी आहे, एवढंच. सगळं छान आहे आमचं. सांगा ना."

मी ते सांगितलं. आणि मग मला राहवेना. मी डॉक्टरांना इथल्या भाषेत म्हटलं, "मी यांना ओळखते. माझ्यामुळे त्या थांबल्या. त्या काहीतरी सांगणार होत्या, ते खरं होतं. आताचं खरं नाही."

डॉक्टर म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण आता तुम्हाला पुढे थांबता येणार नाही."

"बाई, काय सांगितलंत त्यांना?" ती विचारत होती. "मी काहीच बोलले नाही, मग तुम्ही एवढं काय बोलत होतात? बाई?"

फोन बंद झाला.

रविवारी ती वर्ग सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी आली. मॉनिटरला तिनं बाहेर पुस्तकांच्या कपाटांपाशी थांबवलं होतं. मी खुर्च्या लावत होते. तिनंही लावायला घेतल्या.

"बाई, एक विनंती आहे."

"अगं, विनंती कसली. त्या कामाची शपथ घेतलीय मी. या कानाचं त्या कानाला कळायचं नाही."

"शपथ!" ती हसली. "आपण इनमिन चाळीस घरं इथं. कुणाकडे नवा पंखा आला तरी सगळ्यांना माहीत. तुम्ही नाही सांगणार हो. पण तुम्ही माझ्याकडे बघाल ना. दर रविवारी. आत्ता बघताय तशा."

मी नजर खाली केली. त्याला काय अर्थ होता?

"डॉक्टरांनी लवकरची तारीख दिलीय, गुरुवारची," ती म्हणाली. "पत्र आलं. मराठी दुभाषी मिळत नाहीये, घरच्या कुणाला तरी आणा, असं लिहिलंय. ह्यांनीच वाचून दाखवलं. म्हणाले, त्यात काय, मी येतो की सांगायला."

"त्याच्यासमोर बोलशील तू?"

"बाई, मी तुमच्यासमोर नाही बोलू शकले."

"लिहून ने. फोन करतो म्हणे आता भाषांतर."

"करून बघितलं. पहिलंच वाक्य घातलं आणि माझं मलाच वाचवेना. मुलं तोच फोन खेळायला घेतात. पुसून टाकलं."

मी तिचा हात धरला. "डॉक्टरांनी विचारलेलं तेवढंच मी विचारते. इथं कुणी नाही. त्या दिवशी शाळेतून येताना काय आलं होतं मनात?"

तिनं हात सोडवून घेतला नाही, पण बोटं अगदी सैल होती. "मुलं येतील आता," ती म्हणाली, आणि उरलेल्या खुर्च्या लावायला गेली.

सोमवारी मी दुभाष्यांच्या कार्यालयात फोन केला. दुसऱ्या शहरातलं, अगदी दुसऱ्या देशातलं कुणीही मराठी माणूस शोधा म्हटलं, या गुरुवारसाठी. तिथली मुलगी भली होती. तिनं तिथल्या तिथे बघितलं. "यादीत दोनच नावं आहेत. एक रजेवर, दुसऱ्या तुम्ही."

"मला काढून टाका, म्हणजे तुम्हाला नवं शोधावं लागेल."

"तुम्हाला काढलं तर एकच नाव उरतं, आणि तेवढ्यावर मराठी ही भाषाच आमच्या यादीतून जाते, आजी. नवं कुणी शोधायचं ते पुढच्या वर्षी ठरतं."

गुरुवार येऊन गेला. त्यानंतरच्या रविवारी मॉनिटरला सोडायला तिचे वडील आले. दिलखुलास माणूस. मला वाकून नमस्कार केला, मुलांच्या एका बुटक्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही हिला इथली भाषा शिकवली असतीत तर आज ही हालत नसती. दवाखान्यात सगळं मलाच बोलावं लागलं. हिला जरा झोपेचं आहे ना."

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"चौकशी केली. ही म्हणाली, तुम्हीच सांगा. मग मीच सांगितलं नीट. घरचं काम, लहान मूल, दमते. हलक्या गोळ्या दिल्यात. सहा महिन्यांनी या म्हणाल्या. मोकळं झालं एकदाचं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण काय वाटेल ते विचारतात हो ही माणसं. जीव द्यावासा वाटतो का म्हणे! असलं बायकोला विचारायचं का? मी परस्पर नाही म्हणून टाकलं."

"तिला विचारलंस तरी?"

"काय विचारायचं त्यात?"

मुलं पाटीवर रेघा ओढत होती. "घरी जा," मी म्हटलं. "आत्ता. आणि तोच प्रश्न तिला विचार. रागावू नको, समजावू नको. नुसता विचार आणि गप्प बस."

त्याचं हसू गेलं. "बाई, तुम्ही काही ऐकलंय का?"

माझ्या शपथेचं तेव्हा काय झालं ते मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, "हो."

त्यानं तिथल्या तिथे फोन लावला आणि तो समोर धरला, मलाही ऐकू यावं म्हणून. चौथ्या घंटीला तिनं उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"अगं, बाई म्हणतायत, तू डॉक्टरांपुढे काहीतरी बोलणार होतीस. जिवाबिवाचं."

भांड्यांचा आवाज थांबला. मग ती बोलली, फार गोड, फार शांत. "म्हणजे बघा, त्यांचा काहीतरी घोळ झाला असेल. वय झालंय हो त्यांचं. येताना दूध आणा."

त्याचे खांदे सैल पडले. त्याला किती बरं वाटलं ते मला दिसत होतं. "ऐकलंत ना, बाई? तुम्ही उगीच काळजी करता." जाताना तो दारात वळला. "आणि हे दुसऱ्या कुणाला नका हं सांगू. आपली माणसं कशी असतात, माहितीये ना." दूध घरी ठेवून तसाच कामावर जातो, मॉनिटरला तेवढं घरी सोडाल का, असंही म्हणाला.

वर्ग संपल्यावर मी मॉनिटरला घेऊन त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला. दार तिनंच उघडलं. दुधाच्या पिशव्या आतल्या टेबलावर दिसत होत्या. तिनं लेकीचं दप्तर काढून घेतलं, कपाळावरचे केस मागे सारले. मी उंबऱ्याबाहेर उभी. आपल्यात वैऱ्यालाही आत या म्हणतात. ती काही म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आतून मॉनिटरचा आवाज येत होता, आज काय काय शिकलो ते सांगत होती. मधूनमधून आई "हं" म्हणत होती. मी प्रत्येक "हं" कान देऊन ऐकत होते. दवाखाना सोमवारी सकाळी नऊला उघडतो. तिथं फोन करून मी काय सांगणार होते, आणि माझ्याकडून आता ते ऐकून घेणार होतं कोण, हे मला माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी दिवा लावला. मी उठले नाही.