वळणावरचा खड्डा माझा होता

अहो, जरा मान वर करा. फाटकाच्या डावीकडे लोखंडी खांब उभाय ना, तो मी. बोलायला कोणी मिळतच नाही, म्हणून थांबवलं तुम्हाला.

ठाण्याच्या एका वखारीत पडलेलो, तिथून बैलगाडीने माजिवड्याला आलेलो. चोपन्न सालची गोष्ट. धाकूशेटनी मिठागर विकून हा बंगला बांधलेला. सडकेपासून बंगल्यापर्यंत ही लांबच लांब वाट. मोटार अजून यायचीच होती, पण दिवे आधी पाहिजे होते.

वायरमन श्रीपादने चुन्याच्या खुणा करत दोन खांबांच्या जागा ठरवल्या, एक फाटकावर. माझी जागा कुठली माहितीये? मधल्या वळणावर, जुन्या विहिरीपाशी. तिला कठडाच नव्हता. खड्डापण खणून झाला. मी जाम खूश.

तेवढ्यात धाकूशेटची आई आवडाबाई काठी टेकत आली. "यो खड्डा कोनी खनला? तिनीसांजचा राखनदार फिरतो या वलनावर. त्याचे डोल्यांवर उजेड मारताव?"

राखणदार म्हणजे वाडी सांभाळणारा देव. त्याची वाट अंधारीच ठेवायची, असा या घराचा नेम.

नातसून सगुणा गवताचा भारा उतरवत बोलली, "आजे, मी पन तिनीसांजचीच येते. माझा काय?"

"तू काय मोटारीतून येतेस?" धाकूशेट हसले. "तुला वाट पाठ हाय."

"मग हा खांब परत नेऊ का, शेट?" श्रीपादने विचारलं.

"परत कशाला? फाटकावरच लाव. दोन दिवं झालं की सडकेवरून दिसल, घर कोनाचा हाय ते."

खड्डा बुजवला. मी फाटकावर, दुसऱ्या खांबासमोर. लोक बघायला यायचे, मीपण फुगलेलो, खोटं कशाला बोलू?

पण एक कोणाच्या ध्यानात नाही आलं. आमच्या झगझगाटातून पुढे गेलं की माणूस आंधळाच व्हायचा. आधी सगुणा सगळी वाट अंधारातच चालायची, डोळे सरावलेले. आता आमच्याखालून गेली की चाचपडायची. एकदा थांबून मला बोलली, "तू नसतास तं बरा व्हता रे."

पौषातली संध्याकाळ. डोक्यावर भारा घेऊन ती आमच्याखालून गेली. थोडी पाठ दिसली, मग नाही. मग पाण्याचा आवाज. ओरडणं नाही, काही नाही.

लोक कंदील घेऊन धावले, पण उशीर झालेला.

"मी सांगलेला," आवडाबाई रडत होती. "दिवं लावलंव, राखनदार कोपला."

धाकूशेटनी सगळ्या वायरी काढून टाकल्या. विहीर तशीच उघडी. कठड्याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

आता मला शेळी बांधतात. आणि गवताचा भारा आता शालू आणते, सगुणाची धाकटी जाऊ. त्याच वाटेने, त्याच वेळेला.

तुम्ही आत चाललाय ना? मग शेटना एवढं सांगा. मला इथून उपटा आणि विहिरीच्या तोंडाशी रोवा. दिवा नको, वायर नको, राखणदाराची वाट अंधारीच राहू दे. काळोखात शालू निदान मला तरी धडकेल.