मशीनला लागलेली थंडी

माझं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, असं मी त्या दिवशी सकाळपासून बडबडत होते. पण ऐकतो कोण? सगळं घर माना वर करून भिंतीवरच्या त्या पांढऱ्या खोक्याकडे बघत उभं होतं.

खोकं म्हणजे एसी. आमच्या बहादरपुरात ज्याला परवडतो तो उन्हाळ्यात एसी लावतो. आमच्या जावईबापूंनी, भूपेंद्ररावांनी, तो भर पौषात लावून घेतला, कारण हा एसी गरम हवाही देतो. वर्षा, आमची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. पोट कापून पोरगी काढली, पावणेदोन किलोची. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात पोरगी काचेच्या पेटीत आणि वर्षा बाहेरच्या बाकावर टाके सांभाळत बसलेली. दूध पाजायला तेवढं आत बोलवत. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खोली उबदार ठेवा, धूर अजिबात नको, पोरीची छाती कच्ची आहे, आणि अंग गार पडायला लागलं तर तशीच परत आणा. परत म्हणजे परत पेटीत. त्या एका शब्दाचा वर्षाने इतका धसका घेतला होता की झोपेतही तिचा हात पोरीच्या पोटावरून निघत नव्हता.

आता आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. माझ्या आईने ठेवली, सासूने ठेवली. निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकायचा, खोली कशी भरून जाते. मी शेगडी घासून तयार ठेवली होती. जावईबापू फोनवर म्हणाले, "आई, धूर नको, मी मशीन पाठवतो." ते शहडोलच्या बाजूला कागद कारखान्यात इंजिनिअर. इंजिनिअरपुढे सासूचं काय चालणार! शेगडी माळ्यावर गेली आणि मशीन भिंतीवर आलं. खोटं कशाला बोलू, चाललं तेव्हा चांगलं चाललं. भाकऱ्या झाल्यावर चुलीपाशी जशी ऊब राहते, तशी खोली झाली. मी तोंड बंद ठेवलं.

आणि त्या सकाळी मशीनने एक हिरवा दिवा मिचकावला आणि ते गप्प झालं. गरम सोडा, गार हवासुद्धा नाही.

नीलेश, माझ्या दिराचा मुलगा, कॉलेजात शिकतो. त्याने जावईबापूंना व्हिडिओवर घेतलं आणि फोन मशीनसमोर धरला.

"रिमोटचे सेल बदलले?"

"बदल दिए, जीजाजी."

"मेन स्विच बंद करून, थोडं थांबून परत लावा."

"वो भी किया. बत्ती मिचमिच करू राहिली फक्त."

"किती वेळा मिचकते? मोजून सांगा."

नीलेश मोजायचा आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा यायचा. जावईबापूंचा आवाज चढत गेला. शेवटी ते म्हणाले, जाळी काढून धुवा. नव्या कोऱ्या मशीनची जाळी! तरी धुतली. स्टुलावर चढून नीलेशने ती परत बसवली तेव्हा तिचं पाणी टपकन बाजेवर, वर्षाच्या पायाशी पडलं. मी म्हटलं, वा! गरम हवा मागितली आणि पाऊस दिला.

कोणी हसलं नाही. वर्षा तर माझ्याकडे बघतही नव्हती.

शेजारची उषा सळईचा हीटर घेऊन आली. लावला, सळई लाल झाली, आणि घराचं मेनच पडलं. आमच्या घराची वायर जुनी, तिला तो भार सोसेना. परत लावला, परत पडलं. हीटर गेला, पण उषा बसली. मग तिचा नवरा बघायला आला, त्याच्यामागे आणखी दोघं. जो येई तो दार उघडं टाकी, आणि तापीकडून येणारं वारं थेट आत. मग प्रत्येक जण आपल्याकडच्या मशीनची गोष्ट सांगी. एकाचा तर टीव्ही होता.

या गर्दीत सरकारी दवाखान्याची आशाताई, रंजिता, फेरीवर आली. तिने उलट्या हाताने पोरीचा तळवा पाहिला, मग पोट पाहिलं.

"तळवे गार पडू राहिले, सुमित्राकाकू. पोट ऊन हाय अजून. पोट ऊन हाय तोवर पोरगी आपल्या हातात हाय. पोटही गार लागलं तं वाट पाहू नका, गाडी काढा."

"तोवर काय करू?"

"पोरीचे कपडे काढा, टोपी-मोजे राहू द्या, अन् वर्षाताईच्या उघड्या छातीवर निजवा. वरून पांघरूण. आईच्या अंगासारखी शेगडी नाही." एवढं सांगून ती पुढच्या घरी गेली.

वर्षाने खोलीत नजर फिरवली. स्टुलावर नीलेश, दारात उषाचा नवरा, फोनमध्ये जावईबापू आणि कोण कोण. ती हळूच म्हणाली, "आई, मशीन होईलच ना सुरू इतक्यात." आणि पोरीला आणखी एका दुपट्यात गुंडाळलं. मलाही तेव्हा वाटलं, होईलच. आम्ही सगळे त्या एका आशेवर पोरीला गारव्यात ठेवून बसलो.

राहता राहिले आमचे हे. गाव त्यांना कौतिकदादा म्हणतं. केळीत जन्म गेला, बोलणं कमी. ते आत आलेच नाहीत. मफलर गुंडाळून ओट्यावर उभे, आणि मधून मधून विचारत, "झालं का सुरू?" नाही म्हटलं की परत खांबाला टेकत. दुपारी मी माळ्यावरून शेगडी काढून उंबऱ्यापाशी आणली, तेव्हा ते पुढे होऊन शेगडी धरायला लागले. पण वर्षा बाजेवरून ओरडली, "आई, नाही! तिला धूर चालत नाही!" टाके दुखतील इतक्या जोरात ओरडली. दोघांनी मिळून शेगडी परत ठेवून दिली.

दुपार कलल्यावर एसीवाला गोटू मिस्त्री बुऱ्हाणपूरहून आला. त्याने खोक्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "बाहरवाला युनिट कुठं हाय?"

मागच्या भिंतीला, गोठ्याच्या बाजूला. सगळं लटांबर त्याच्यामागे गेलं. मीही गेले. आणि सगळे जागच्या जागी थांबले.

बाहेरचं ते पंख्याचं मशीन दिसतच नव्हतं. केळीचा घड थंडीत झाकतात ती निळी स्कर्टिंगची पिशवी त्याच्यावर चढवली होती. एकावर एक दोन. वर गाठ, खाली गाठ, मध्ये सुतळीचे वेढे, बागेत घड बांधतात अगदी तसं.

"हे कुनी केलं?" गोटूने विचारलं.

"म्या," आमचे हे म्हणाले. "पहाटी पाह्यलं तं त्याच्या अंगावर बरफ जमेल होता. पानी टपकू राह्यलं होतं. म्हटलं, थंडी बाधली याले. घडाले बाधते तशी. हे मशीनच गारठलं तं पोरीले ऊन कुठून देईन?"

गोटू हसत सुटला. "अरे दादा, ये बाहर की हवा खींचता है! बरफ थोडा जमतोच, अन् मशीन आपनच पिघळवते. तुम्ही तं त्याचं नाक-तोंड बांधून टाकलं!" बाकीचेही हसले. नीलेशने तर फोन फिरवून जावईबापूंना दाखवलं. ते हसले नाहीत. आणि मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

माझा पारा चढला. "केळी कळते म्हणून सगळंच कळतं का तुमाले? एक शब्द विचाराचा तरी कोनाले!" चारचौघांत बोलले. त्यांनी मान खाली घातली आणि गाठी सोडायला लागले. त्यांच्या गाठी त्यांनाच सुटेनात. गोटूने पक्कडीने पिशव्या फाडल्या. आतल्या पिशवीचा पदर पंख्याने ओढून पात्यांभोवती वेटोळ्यासारखा घट्ट गुंडाळून घेतला होता. तो तुकड्या-तुकड्यांनी काढताना आमचे हे एकेक तुकडा उचलून खिशात भरत होते. का, कोण जाणे.

शेवटचा तुकडा निघाला. गोटूने पंखा बोटाने फिरवला, तो गरगर फिरला. सगळे आत धावले. गोटूने बटण दाबलं. मशीनच्या पोटात घुर्र झालं, झाकण उघडलं, आणि वर्षा हसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिने पोरीच्या तोंडावरचं दुपटं जरा बाजूला केलं, हवा लागावी म्हणून.

मग मागून फट् असा आवाज आला. जळाल्याचा वास आला. झाकण अर्ध्यातच राहिलं.

"बोर्ड गेला," गोटू म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पंखा अटकला होता, त्यात जोर लावत राहिलं असन. इंदौरहून मंगवावा लागन. परवा-तेरवा तक येईन."

जावईबापू फोनमधून विचारत होते, दुसऱ्या कुठल्या मशीनचा बोर्ड नाही का बसणार, वायर थेट जोडून नाही का चालणार. गोटू नाही म्हणत होता, ते परत विचारत होते. माझं डोकं फिरलं. मी नीलेशच्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि म्हटलं, "निघा. सगळे निघा." उषा "अगं पण" म्हणाली, तिलाही काढलं. यांनाही. दाराला आतून कडी घातली. हे सकाळीच करायला हवं होतं.

पोरीला उघडी करून वर्षाच्या छातीवर ठेवली, वरून रजई घातली. पण वर्षाच्या अंगात कसर होती, दूध साचून ताप भरला होता. तिला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, आणि छातीवरची पोरगी तिच्याबरोबर हलायला लागली. "आई, माझ्याच्यानं होत नाही," ती म्हणाली. असं तोंड मी तिचं कधी पाहिलं नव्हतं.

मग मी माझ्या पोलक्याची बटणं काढली. आजी झालेली बाई मी, लाज कशाची! पोरीला घेतली छातीवर, पदर, शाल, रजई, सगळं ओढलं. मुठीएवढं डोकं गळ्याशी. तिने तोंड फिरवून काही मिळतं का पाहिलं. काय मिळणार होतं? मी तिला म्हणत राहिले, माझ्यातली ऊब घे, सगळी घे, बाई.

बाहेरून यांचा आवाज आला. "पाय कसे हायत?"

मी रजई आणखी वर ओढली. माझा राग अजून गेला नव्हता, आणि पायही गारच होते.

उन्हं भिंतीवरून उतरली तसं वारं वाढलं. मी आत हात घालून, उलट्या हाताने पोट पाहिलं. मग वाटलं, माझाच हात गार असेल, म्हणून गालाने पाहिलं. मग वर्षाकडे पाहिलं. तिला सांगायची गरज पडली नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"गाडी काढा," मी दारातून ओरडले.

गाडी आधीच दाराशी होती. यांनी कधीच नीलेशला आणायला लावून काचा वर करून ठेवली होती.

दवाखान्यात काचेच्या दारापाशी सिस्टरने पोरीला माझ्या छातीवरून उचललं आणि ती आत गेली. छातीवर तेवढी जागा एकदम गार पडली. वर्षा त्याच बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळाने सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, वेळेवर आणलं, पेटीत ठेवलंय, आता बघू. आणि वळली.

तेव्हा आमचे हे पुढे झाले. "बाई, त्या पेटीचं मशीन सुरू हाय ना?"

"हो बाबा, चालू आहे."

"त्याचा पंखा बाहेर कोन्या बाजूले हाय? मी जरा पाहून येतो. कोनी काही झाकेल तं नसन?"

सिस्टरला काही कळलं नाही. "बाबा, पेटीला बाहेर पंखा नसतो."

"नसतो," ते म्हणाले. "बरं. नसतो." मग काचेतून आत बघत, हळू आवाजात, "मंग मी काय करू?"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. ती आत गेली, दार लागलं. मी बाकावर सरकून त्यांना जागा केली, पण ते बसले नाहीत.