शेवट राहिलेला सिनेमा

"काका, वरचं बटण लावा. आणि आज जरा आवरतं घ्या. आमच्या किमयाला ताप हाय, बायकोचे तीन फोन येऊन गेले," मितेश कॅमेऱ्यामागून म्हणाला.

पुंडलिक ठाकुरांनी बटण लावलं आणि खुर्चीत सरळ बसले. खाली गणपतीच्या कारखान्यात दिवसभर चाललेलं रंगकाम थांबलं होतं, पण त्याचा वास जिन्यावरून वर येऊन या खोलीत मुक्काम करायचा. पेणच्या केबलचं हे ऑफिस, आणि शनिवारी रात्री साडेदहाला हाच स्टुडिओ. मागे निळा पडदा, पुढे एक टेबल, टेबलावर तांब्या.

एकतीस वर्षं पुंडलिक एसटीच्या कंट्रोल रूममध्ये होते. "खांब, कोलाडमार्गे रोह्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," हे त्यांच्या आवाजात ऐकत पेणमधली एक पिढी मोठी झाली. निवृत्तीनंतर केबल चालवणाऱ्या मितेशच्या वडिलांनी त्यांना गाठलं. म्हणाले, "तुझा आवाज घरी बसून वाया जातोय." तेव्हापासून अकरा वर्षं दर शनिवारी रोह्यापर्यंत दिसणाऱ्या लोकल चॅनलवर जुना सिनेमा लागायचा आणि त्याआधी दहा मिनिटं पुंडलिक त्याच्याबद्दल बोलायचे. हा सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा गावोगावचे लोक बैलगाड्या जोडून कसे आले होते, कुठल्या प्रसंगाच्या वेळी नटाला खरोखरच ताप होता, असलं काहीबाही. एकच पथ्य ते पाळत. शेवट कधी सांगायचा नाही.

"काका, चालू!"

पुंडलिकांनी भिंगाकडे पाहिलं. पूर्वी तिथे त्यांची बायको हौसा असायची. म्हणजे ती घरीच असायची, टीव्हीसमोर, गुडघ्यावर शाल घेऊन. पण पुंडलिक बोलायचे ते तिच्याशी. दीड वाजता घरी पोचले की ती जागीच असे. "आज लय बोललात तुमी. आणि कॉलर वाकडी व्हती," एवढं सांगायची आणि मगच झोपायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते भिंग म्हणजे नुसती काच होती. बोललेलं कुठे जाऊन पोचतं, कळायचं नाही.

"रसिकहो, नमस्कार," ते म्हणाले. "आजचा हा आपला शेवटचा खेळ. लोक आता मोबाइलवर सिनेमा बघतात, मितेशनाही आता इंटरनेटचंच काम वाढवायचं आहे. त्यात कुणाचा दोष नाही. आज एका पोस्टमनची गोष्ट बघू या. याला वाचता येत नाही, आणि हे गावात कुणालाच माहीत नाही."

इथे ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

"खाली पट्टीवर फोन नंबर आहे. कुणी बघत असाल तर एक फोन करा. फार बोलायचं नाही. आहोत, एवढंच सांगा."

बोलून झालं आणि त्यांना कसंतरीच वाटलं. फलाटावर गाडी लागली म्हणून सांगणाऱ्या माणसाने प्रवाशांना कधी विचारलं होतं का, की ऐकताय ना?

मितेशने सिनेमा सुरू केला. थोडा वेळ तो घुटमळला. "काका, असं विचारायला नको होतं तुम्ही. उगाच... कुणी नाय केला तर?"

"नाय केला तर नाय केला. तू जा. पोरीला बघ. मी शटर ओढतो."

जिन्यावर मितेशची पावलं उतरत गेली. टेबलावर ऑफिसचा मोबाइल उताणा पडला होता. पुंडलिक त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत छोट्या टीव्हीकडे बघत बसले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. हाताला लागून तांब्या कलंडला तरी त्यांनी आधी फोन उचलला.

"हॅलो, केबल ऑफिस का?" मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज होता. "मी डोलवीवरून बोलतोय. शिफ्ट करून आत्ता आलो. क्रिकेटचा चॅनल दिसत नाय ओ."

"बॉक्स एकदा बंद करून चालू करा," पुंडलिक म्हणाले. मग राहवलं नाही. "सिनेमा बघताय का? आपल्या चॅनलवर?"

"कुठला सिनेमा?"

"काही नाही. बंद करून चालू करा."

त्यांनी पाणी पुसलं. फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं. पडद्यावरचा पोस्टमन एका म्हातारीला तिच्या मुलाचं पत्र मनाने रचून वाचून दाखवत होता. हौसा या जागी हमखास डोळ्याला पदर लावायची.

पावणेबाराच्या सुमाराला पुन्हा फोन वाजला.

"ठाकूर ना तुम्ही?" बाईचा आवाज. वयस्कर, पण खणखणीत. "मी रोह्याहून हन्ना बोलते. आहोत. असं सांगायला सांगितलंत ना?"

पुंडलिकांनी खुर्ची पुढे ओढली.

"दर शनिवारी बघतो आम्ही," ती म्हणाली. "आम्ही ज्यू. शनिवारी दिवसभर आमच्यात टीव्ही लावत नाहीत. आभाळात तारे दिसले की मग शब्बाथ सुटतो. मोझेस म्हणायचा, चला, आता ठाकूर भेटतील."

"मोझेस म्हणजे..."

"माझा नवरा. त्याच्याचसाठी फोन केला. होळीच्या आधीच्या शनिवारी तुम्ही तो होडीवाल्याचा सिनेमा लावला होता बघा. बायको भांडून शहरात भावाकडे जाते, तो रोज शेवटची खेप झाली तरी धक्क्यावर थांबतो. तिचं पत्र येतं, तो पाकीट फोडतो आणि आमच्याकडे लाइट गेली. सकाळपर्यंत आली नाही."

"अरेरे."

"मोझेस म्हणाला, येते बघ ती परत. मी म्हटलं, नाही येत. पैज लागली आमची. हरेल त्याने आठवडाभर सकाळचा चहा करायचा. तो म्हणाला, पुढच्या शनिवारी ठाकुरांना फोन करून विचारू. मंगळवारी गेला तो. दुपारी जेवून आडवा झाला, उठलाच नाही. नथानियल, माझा मुलगा, तिकडे इस्राएलला असतो. येऊन आठ दिवस राहून गेला. त्याला कसला सिनेमा विचारू? तेव्हापासून रोज मनात येतं. ती येते का हो परत?"

पुंडलिकांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. अकरा वर्षांत त्यांनी कुणाला शेवट सांगितला नव्हता. आणि आता सांगायचा तर हा! 'येते' म्हणायला किती वेळ लागणार होता? एक शब्द. ही बाई तो सिनेमा पुन्हा कुठे बघणार होती?

पण जी गाडी येणार नव्हती, ती येते आहे असं त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.

"नाही येत," ते म्हणाले. "पत्र भावाचं असतं. ती आता इकडे येणार नाही, असं लिहिलेलं. होडीवाला ते घडी करून टोपीत ठेवतो. त्याच संध्याकाळी एक परकी बाई होडीत बसते. पलीकडे उतरताना विचारते, कुणाची वाट बघताय? तो म्हणतो, कुणाची नाय बाय, ओहोटीची. आणि होडी फिरवतो. संपला."



"म्हणजे मी जिंकले," हन्ना म्हणाली.

"हो."

"चहा त्याच्याकडे राहिला."

पुंडलिकांना काहीतरी म्हणायचं होतं. हौसाचं नाव ओठांवर आलं, पण ते त्यांनी तिथेच ठेवलं. या फोनवर आत्ता दुसऱ्या कुणाचं दुःख मांडणं त्यांना बरोबर वाटलं नाही.

"खोटं नाही सांगितलंत, बरं केलंत," ती म्हणाली. "मला कळलं असतं." मग जरा संकोचून विचारलं, "तुम्हाला काम असेल ना? की फोन असाच राहू दे जरा वेळ? संपेपर्यंत?"

"राहू दे की."

त्यांनी फोनचा स्पीकर लावला आणि तो टीव्हीजवळ ठेवला. तिच्या घरातलाही सिनेमा आता ऐकू येत होता. तिकडे तो जरा उशिरा पोचत होता. इथे पोस्टमन बोलायचा, आणि तेच वाक्य रोह्याहून क्षणभराने परत यायचं. सुरुवातीला कानाला त्रास झाला, मग सवय झाली. दोघं काही बोलत नव्हते. पोस्टमनच्या सायकलमागे कुत्रं लागलं तेव्हा पुंडलिक हसले. आणि ते हसून थांबले, तेव्हा हन्ना हसली.

एक वाजायला आला. पोस्टमन शाळेच्या बाकावर लहान मुलांच्या मागे बसला, पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं, आणि नावं वर सरकू लागली. पुंडलिक शेवटच्या नावापर्यंत बसून राहिले. संगीत थांबलं. खोलीत ते रोह्याहून अजून थोडं वाजत राहिलं, मग तिकडेही थांबलं.