वरचा थर वाघुरीचा

पलूसकडच्या ऊसवाल्याला रानातलं काही फेकून द्यायला सांगा, त्याचा जीव वरखाली होतो. ऊस तुटून गेला तरी तो खोडकी उपटत नाही. पाणी सोडतो, खत टाकतो आणि त्याच खोडातनं खोडवा घेतो. म्हसवडकडच्या मेंढपाळाची रीत उलटी. सांज झाली की जाळ्याची वाघूर खुंट्यांना ताणून मेंढरांचा वाडा उभा करायचा, दिवस उगवला की उपटायचा, घोड्यावर लादायचा आणि मागं वळून न बघता पुढचं रान गाठायचं. सांगलीत विश्रामबागेत, एका दुमजली इमारतीच्या वरच्या तीन खोल्यांत, या दोन्ही रीती एकदा समोरासमोर आल्या. मधे होतं एक मशीन, आणि बाहेर दोन हजार दोनशे द्राक्षबागा फुलोऱ्यात.

ऑफिस विश्वजितचं. घर पलूसचं, शिक्षण पुण्याचं. जिल्हाभरच्या बागांत त्यानं लहानलहान यंत्रं उभी केली होती. पानावर पाणी किती वेळ राहिलं, हवा किती गार होती, हे ती यंत्रं कळवायची. त्यावरनं मशीन हिशेब मांडायचं आणि बागायतदाराच्या मोबाईलवर निरोप जायचा : आज डावणीचा धोका आहे, अमुक औषध मारा, किंवा धोका नाही, मारू नका. फुलोऱ्यात पाऊस झाला आणि दिवस मावळायच्या आत औषध बसलं नाही, तर डावणीची बुरशी घडात शिरते. मग घड हातात घेऊन नुसतं बघत बसायचं.

निरोप बरोबर जायचा, पण उशिरा जायचा. दुपारी एकला पाऊस उघडला तर मशीन साडेचारपर्यंत राबत बसे. नोव्हेंबरातला दिवस तेवढ्यात कलायला लागे.

हा उशीर स्वप्नालीनं शोधून काढला. ती म्हसवडजवळच्या वाडीची, मेंढपाळाघरची. लहानपणी दर हिवाळ्यात आईबापाच्या मागं कृष्णाकाठी उतरायची. रानाला खत व्हावं म्हणून विश्वजितचे चुलते भाऊसो त्यांची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे. आता त्याच घराच्या ऑफिसात ती मशीनची सगळी जोडणी बघत होती.

"सर, हिशेब मांडायला येळ लागत न्हाई," ती म्हणाली. "विचारपूस करण्यात जातो."

"कसली विचारपूस?"

तिनं कागदावर दोन रेघा ओढल्या. मशीनवर चाळीस कंटेनर, म्हणजे हिशेबाचे वेगवेगळे कप्पे, एकदम चालायचे, प्रत्येकाकडं पंचावन्न बागा. खालचा थर सगळ्यांना एकच : बागांचे नकाशे, हिशेबाची सूत्रं. त्याला कुणी हात लावायचा नाही. प्रत्येक कंटेनर जे काही नवं लिहील ते आपापल्या वरच्या थरात.

"ह्यो वरचा थर लय भित्रा हाय," ती म्हणाली. "एक आकडा लिहिला की थांबतो, डिस्कला विचारतो, बसलं का? डिस्क म्हणते, बसतंय. हा म्हणतो, खरंच बसलं का? ती म्हणते, व्हय बाबा, बसलं. तवा कुठं दुसरा आकडा. असं चाळीस जणांचं, लाखभर वेळा. मी म्हणते, विचारायचंच न्हाई. लिहीत सुटायचं."

शेजारच्या खुर्चीवरनं कृष्णातनं मान वर केली. तोही इंजिनियर, बांबवड्याचा, घरची आठ एकर ऊसशेती. "आणि मधेच लाईट गेली तर? अर्धं डिस्कवर, अर्धं हवेत?"

"तर वरचा थर आख्खा फेकायचा. पयल्यापास्नं मांडायचं. चाळीस मिनिटांचं तर काम."

"झालेलं काम फेकायचं!" कृष्णातनं कपाळाला हात लावला. "मेंढक्याची पोर ती. तुला काय, उठलं की चाललं."

"आणि बागेतल्या यंत्रांचे आकडे?" विश्वजितनं विचारलं. "ते गेले तर परत येत नाहीत."

"ते ह्या थरात ठेवायचेच न्हाईत. ते वायल्या डिस्कवर. तिथं एकेक आकडा शंभरदा विचारून ठेवते मी." हे बोलताना तिच्या कानात आईचा, धोंडुबाईचा आवाज होता. वाघूर ताणताना आई गुणगुणायची :

*वाघुरीचा वाडा गं, रातीपुरता आपुला*
*कोकरू डालग्याखाली, जीव तिथं झाकिला*

वाघूर पातळच. वाऱ्यानं पडते, कधी लांडगा पाडतो. म्हणून त्या दिवशी जन्मलेलं कोकरू तिच्या भरवशावर कधीच सोडायचं नाही. ते पालाजवळ, डालग्याखाली, म्हणजे पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली. वाघूर पडली तर दुसरी उभी राहते. कोकराचं तसं नसतं.

विश्वजितनं रेघांचा कागद आपल्याकडं ओढून घेतला. "ठीक. पुढचा पाऊस तुझा," तो म्हणाला. "पण एक जरी निरोप चुकीचा गेला, तरी आपण जुन्या पद्धतीवर. लोक एकदाच विश्वास ठेवतात."

"न्हाई जायचा चुकीचा," ती म्हणाली.

पाऊस आठवड्यातच आला. सकाळी नवापासून पलूस, तासगाव सगळं भिजत राहिलं आणि एकच्या सुमारास ऊन पडलं. एक वीसला स्वप्नालीनं हिशेब सोडला. चाळीसही कंटेनर पळत सुटले. पडद्यावर झालेल्या बागांचा आकडा चढत होता, शे-दोनशेच्या उड्या घेत, पावसानंतर वगळीचं पाणी धावावं तसा. कृष्णातसुद्धा म्हणाला, "आयला, पळतंय की!"

एक पंचेचाळीसला लाईट गेली. बॅटरीनं एकदा टूं केलं आणि तिनंही डोळे मिटले. मशीन काळं.

"लालासाहेब काका!" स्वप्नाली जिन्याकडं धावली. लालासाहेब म्हणजे निवृत्त सुभेदार, आता खालच्या जनरेटरचे मालक असल्यासारखे राखणदार.

"आवं बाई, ओरडू नगा. जवान तैयार हाय," म्हणत त्यांनी डिझेलची टाकी बघितली आणि हातानं दांडा फिरवला. दोनदा नुसता धूर निघाला. तिसऱ्यांदा स्वप्नालीनंही दांड्याला हात लावला आणि जनरेटर खोकत खोकत लागला. हात पुसून ती वर आली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि पडद्यावर आकडा होता : तेराशे चाळीस बागा पूर्ण.

ती दारातच थांबली. "हे कुठनं आलं?"

"होतंच की," कृष्णात खुशीत म्हणाला. "वरचे थर शाबूत हायत. मशीन नुसतं अडून बसलं होतं, प्रत्येक थरावर एक खूण ठेवलीवती, की बाबा ह्याला परत जोडू नगा. चाळीसच्या चाळीस खुणा काढून टाकल्या. तेराशे चाळीस तयार, उरलेल्या पळतायत. खोडवा घेतला गं! नव्यानं लागण कशाला?"

विश्वजित फोन कानाला लावून उभा होता. "तयार आहेत तेवढे निरोप सोडू या," तो म्हणाला. "पलूसवाले सकाळपासून विचारतायत. भाऊसोकाकांचे चार फोन झाले."

"थांबा सर." स्वप्नालीनं खुर्ची ओढली. "ती खूण मशीननं उगाच ठेवली नव्हती. न विचारता लिहिलेल्या थराचा लाईट गेल्यावर भरवसा न्हाई, म्हणून ठेवलीवती."

तिनं भाऊसोंचीच बाग उघडली. नाव बरोबर, तारीख बरोबर, फाईल असायला हवी तेवढी मोठी. आत शून्य. शून्य, शून्य, शून्य, रांगेनं. पान ओलं राहिलं : शून्य तास. निष्कर्ष : धोका नाही, औषध मारू नये.

"पलूसला सकाळपास्नं एकपत्तोर पाऊस हुता," ती हळू म्हणाली. "आणि हे म्हणतंय, पान कोरडं."

कृष्णात वाकून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची खुशी एकेक शून्यागणिक उतरत गेली. त्यानं स्वतः दुसरी बाग उघडली. तिथं आकडे ठीक होते. तिसरी ठीक. चौथीत पुन्हा शून्यं.

"ठीक तेवढ्या निवडून घेऊ?" त्यानं विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

"कोणती ठीक ते कशावरनं ठरवशील? शून्य दिसतं तरी. अर्धवट आकडा दिसत पण न्हाई. उसाचं खोड जिमिनीत असतं रं, मूळ असतंय त्याला. ह्या थराला मूळच न्हाई. आपणच काढून घेतलंय, येळ वाचवायला." ती विश्वजितकडं वळली. "सर, सगळं फेकते. तेराशेच्या तेराशे."

विश्वजितनं घड्याळ बघितलं. दोन पंधरा. जुन्या पद्धतीनं पावणेसहा झाले असते. हातात तेराशे निरोप होते, आणि समोरची पोरगी ते फेकायला निघाली होती.

"यंत्रांचे आकडे?"

तिनं ती वेगळी डिस्क उघडून दाखवली. सकाळी सहापासून लाईट जाईपर्यंतचा प्रत्येक आकडा जागेवर, आणि त्यानंतरचे बागेतल्या यंत्रांनी आत्ता पुन्हा धाडलेले.

"फेक," विश्वजित म्हणाला.

तिनं उरलेले कंटेनर थांबवले. चाळीस थर पुसायला तिला एका ओळीचा हुकूम पुरला. तिनं बोट कीवर ठेवताच कृष्णातनं तोंड फिरवलं; त्याला ते बघवेना. मग खालच्या थरावर चाळीस नवे, कोरे थर अंथरले गेले आणि आकडा पुन्हा शून्यावरनं धावू लागला. खाली जनरेटर धडधडत होता. लालासाहेब जिन्यात उभे राहून दर पाच मिनिटांनी ओरडत, "वर काय परिस्थिती?" आणि कृष्णात उत्तर देत होता, "आगेकूच!"

दोन अठ्ठावन्नला बावीसशे झाले. भाऊसोंच्या बागेत पान साडेपाच तास ओलं होतं. धोका मोठा. तीन वाजता निरोप सुटले.

कृष्णात मात्र उठला नाही. त्यानं तिथंच बसून मशीनसाठी एक छोटा प्रोग्राम लिहून टाकला : मशीन सुरू होताना ती खूण दिसली, की वरचा थर कुणाला न विचारता पुसायचा. "माझ्यासारख्याला विचाराल तर मी ठेवूनच घेईन," तो म्हणाला. "तवा विचारूच नये."

साडेतीनला विश्वजितचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि फोन स्वप्नालीच्या हातात दिला. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज, औषध फवारणाऱ्या ब्लोअरची घरघर, आणि त्यावर भाऊसो.

"पोरी, निरोप मिळाला. निम्मी बाग मारून झाली बघ. ऊन अजून चांगलं हाय." मग, "सांगलीत लाईट गेलीवती म्हनं?"

"गेलीवती, काका."

"मग गं?"

"वाघूर पडली. दुसरी ठोकली."

ब्लोअर क्षणभर लांब गेला, वळला, जवळ आला. भाऊसोंनी या पोरीची मेंढरं आपल्या रानात पंधरा हिवाळे बसलेली बघितली होती.

"आणि कोकरू?"

"डालग्याखाली हुतं," स्वप्नाली म्हणाली. "हाय तसं हाय."