पानाची मागची बाजू

नाताळच्या दुपारी, दक्षिण गोलार्धातल्या भर उन्हाळ्यात, हंटर नदीकाठच्या रानात ऊन असं तापलं होतं की रंग कागदावर टेकतो न टेकतो तोच सुकत होता. तरी वनभोजनाला जमलेली सगळी मंडळी लोकरी कोट आणि हातमोजे चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून ताठ उभी. कारण हेस्टर त्यांचं काढत होती ते चित्र घरी जाणार होतं, आणि घरी म्हणजे इंग्लंडला. या रानात दहा-दहा वर्षं काढलेली, इथेच मुलंबाळं झालेली माणसंही घर म्हणायची ते त्यालाच.

चित्र जाणार होतं हेस्टरच्या धाकट्या बहिणीकडे. फीबीला बाथ शहरातल्या एका खाष्ट म्हातारीकडे सोबतीण म्हणून जागा मिळत होती. तिनं लिहिलं होतं, “भावजींच्या पत्रांवर माझा काडीचा विश्वास नाही, त्यात सगळं झकासच असतं. तू चित्र पाठव. ते बघून ठरवीन, तुझ्याकडे यायचं की म्हातारीकडे.” इथं आल्यापासून चार वर्षांत हेस्टरला मनातलं बोलायला माणूस मिळालं नव्हतं. शेजारीण सात मैलांवर, आणि तिचा विषय एकच, मेंढ्यांची खरूज. फीबी यायलाच हवी होती.

म्हणून मग चित्राला साजशृंगार सुरू झाला.

“झाडं जरा हिरवी कर गं,” नवरा जोसाया मागून म्हणाला. “ही बघून तिला वाटेल, इथं झाडांनाही ताप येतो.”

“अहो, इथली निलगिरी राखाडीच असते.”

“ते घरी कुणाला माहीत आहे? आणि तो नदीपलीकडचा धूर गाळ.”

धूर, हे रान मुळात ज्यांचं होतं, त्यांच्या चुलींचा होता. हेस्टरनं मुकाट्यानं तो गाळला.

मधोमध उभे होते शेजारचे मेजर थर्केल. साडेसहा फूट उंची, तपकिरी कोट, हातात काठी.

“मेजरसाहेब, हलू नका हं.”

“बाई, मी तोफांपुढे हललो नाही!”

आणि खरंच, अर्धा तास ते खांबासारखे उभे राहिले. तेवढ्यात त्यांच्याच कुत्र्यानं झुडपातून हातभर लांब घोरपड उठवली. घाबरलेली घोरपड सर्वांत जवळच्या झाडावर चढते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांत उंच, तपकिरी आणि निश्चल झाड म्हणजे मेजर. बुटावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पोटावर, पोटावरून पाठीवर अशी ती सरसर चढली आणि थेट त्यांच्या टोपीवर जाऊन बसली.

“काढा! कुणीतरी काढा हिला!”

“हलू नका, साहेब!” जोसाया ओरडला. “तोफ समजा!”

मंडळींची हसून मुरकुंडी वळली. मिसेस थर्केल तर पुडिंगच्या थाळीतच बसल्या. हेस्टर इतकी हसली की पोटात दुखायला लागलं. आपण शेवटचं कधी हसलो हेच तिला आठवेना. कोरा कागद उरला नव्हता, म्हणून तिनं तोच उलटा केला आणि टोपीवर घोरपड बसलेले मेजर काढायला घेतले. भांड्यातलं पाणी आटलेलं, म्हणून कुंचला चहात बुडवला. काय आश्चर्य, निलगिरीच्या बुंध्याचा रंग पहिल्यांदाच हुबेहूब उतरला! मग धूरही आला, आणि कोपऱ्यात पोट धरून हसणारी ती स्वतःही.

संध्याकाळी मेजरांसह सगळे हेस्टरच्या ओसरीवर परतले, तेव्हा जोसाया ओला बोळा घेऊन आला. “मागचं पुसतो. हे बघितल्यावर ती बोटीत पाऊल ठेवेल का?”

हेस्टरलाही तीच धास्ती होती. नाहीच आली तर? पण तिनं कागद छातीशी धरला. “तिनं खरं मागितलंय. मेजरसाहेब, तुमची हरकत?”

मेजरांनी कागद मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. “निदान मिशा तरी धड काढायच्या होत्यात,” ते म्हणाले.

पुढचा नाताळ महिन्यावर आला असताना नदीवरच्या मॉरपेथ बंदराच्या धक्क्यावर बोट लागली आणि ट्रंक सांभाळत फीबी उतरली. बहिणीच्या गळ्यात पडून झाल्यावर तिनं गर्दीत नजर फिरवली, तडक मेजरांपुढे गेली आणि मान वर करून म्हणाली, “आज टोपी रिकामी?”

मेजर लाल झाले, आणि मग गडगडाट करून हसले.

“तुला भीती नाही वाटली गं?” हेस्टरनं विचारलं.

“पुढची बाजू बघून वाटली. काय ती ताठ, कंटाळलेली माणसं! आणि त्यात तू कुठंच नाहीस. म्हातारीला होकार लिहायला बसले, कागदाखाली काहीतरी हवं म्हणून तुझं चित्र उलटं ठेवलं.”

“मग?”

“मग काय? कोपऱ्यात तू हसताना दिसलीस. म्हटलं, घोरपडीचं नंतर बघू.”