घाटाखाली राहिलेलं नाव

शुक्रवार, दोन नोव्हेंबर एकोणीसशे नव्वद. सकाळी सव्वाआठ वाजता कळसच्या फाट्यावरून इंदापूरची एसटी हलली आणि बिरूच्या छातीला टाचणी टोचली. खिशातल्या चिठ्ठीला लावलेली टाचणी, तिचं टोक सदऱ्यातून आत आलेलं. त्याने चिठ्ठी बाहेर काढली, टोक वळवून पाहिलं. बोटं जाड, टाचणी बारीक, आणि ती घुसली होती नेमकी फोटोतल्या माणसाच्या कानाला लागून. फोटो त्याचाच. कुवेतहून परतताना अम्मानबाहेरच्या निर्वासितांच्या तंबूत काढलेला — दाढी वाढलेली, डोळे उन्हाने बारीक झालेले. फोटोखालचं नाव मात्र त्याचं नव्हतं.

संभाजी तात्याबा मारकड. बिरूला वाचता येत नव्हतं, पण एवढं एक नाव वाचता येत होतं. लिहिताही येत होतं.

तिथल्या भारतीय वकिलातीने दिलेला परतीचा कागद मुंबईला विमानतळावरच काढून घेतला होता. त्याच्या बदल्यात ही चिठ्ठी — महिन्याच्या आत आपल्या पोलीस ठाण्यात हजर होऊन, दोन माणसं आणून ओळख पटवून द्यावी. आज अठ्ठाविसावा दिवस. दोन माणसं बरोबर होती. पुढच्या बाकावर गावचे पोलीस पाटील अप्पा, आणि पलीकडच्या खिडकीशी, डोक्यावरचा पदर दातांत धरून, मुक्ताबाई — संभाजीची बायको. संभाजीची विधवा.

"काय न्हाय रं," अप्पा मान मागे वळवून म्हणाले, "हवालदार इचारंल नाव काय, तू म्हणायचं संभाजी. मी म्हणतो व्हय, ह्योच संभाजी. बाई म्हणंल, व्हय, ह्योच माझा मालक. झालं! च्या पिऊन बाराच्या गाडीनं माघारी."

"आन बिरू कुठं हाय म्हणलं तर?"

"कोण इचारतंय बिरूला? तुझं नाव हाय का कुठल्या कागदावर? ना शाळंत, ना मतदार यादीत. मेंढरामागं जलमलास, मेंढरामागं गेलास." अप्पा हसले. "तू न्हायसच, गड्या."

बिरूही थोडा हसला. अप्पा खोटं बोलत नव्हते. तो जन्मला तेव्हा आई कळपाबरोबर चालत होती. कुठल्या गावाच्या शिवेत, ते तिलाही सांगता येत नसे. धाकटा संभाजी तेवढा मावशीकडे राहून चौथी शिकला. म्हणून सहा वर्षांपूर्वी, कुवेतला मेंढक्या पाहिजे असं बारामतीच्या एजंटाने सांगितलं आणि जन्माचा कागद मागितला, तेव्हा घरात एकच कागद निघाला — संभाजीचा शाळा सोडल्याचा दाखला. एका भावाचा दाखला दुसऱ्याला चालतो का, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मेंढरं एकत्र होती, घोंगडी एकत्र होती, चारणीला जो मोकळा असेल तो जायचा. कागद तरी वेगळा कसा असणार? पासपोर्ट झाला. बायकोच्या रकान्यात मुक्ताबाईचं नाव आलं, त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. बिरूचं लग्न व्हायचंच होतं, ते राहूनच गेलं.

सही संभाजीने शिकवली. आठ दिवस, चुलीतली राख पाटीवर पसरून, बोटाने. "डोस्क्यावरचा टिपका इसरू नगंस, दादा, न्हायतर तितं माझं डोस्कं उडवतील." आणि स्वतःच हसला होता, राख उडेपर्यंत.

गाडी थांबली. पुढे रस्ताभर मेंढरं. दिवाळी उरकून कोकणाकडे निघालेला कळप, घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. बिरू नकळत मोजायला लागला… दीडशे, दोनशे… आणि थांबला. त्याला कुवेतातली चारशे आठवली. ऑगस्टात शेजारच्या देशाचं सैन्य कुवेतात घुसलं त्या दिवशी मालक — तिकडे अरबाब म्हणायचे — मोटारीत बायकापोरं घालून निघून गेला; पासपोर्ट त्याच्या शहरातल्या घरात, कपाटात. चार दिवस पाण्याचा टँकर आला नाही. पाचव्या दिवशी बिरूने कुंपणाचं दार उघडलं. जा म्हणाला. ती गेली नाहीत. रिकाम्या हौदाभोवती उभी राहिली, आणि त्याने बसऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकला हात केला… वळून पाहिलं नाही. मेंढक्या माणूस, आणि पाण्यावाचून कळप टाकून आला. हे त्याने घरी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

कळप रस्त्याकडेला झाला, गाडी सुटली. मुक्ताबाई खिडकीतून मागे बघत होती, शेवटचं मेंढरू दिसेनासं होईपर्यंत. तिला काय आठवत असेल ते त्याला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पौषात, असाच कळप घेऊन घाट उतरल्यावर, संभाजी तापाने गेला. तीन दिवसांचा ताप. ओढ्याच्या काठाला जाळलं, चौथ्या दिवशी मेंढरं पुढे हलवावी लागली, चारा नव्हता. कुठल्या गावात नोंद नाही, कुठल्या वहीत ओळ नाही.

बिरूला हे कळलं ते अप्पांच्या पत्रातून. शेजारच्या कुरणावर सोलापूरकडचा एक जण होता, शुक्रवारी यायचा, तोच वाचून दाखवायचा. त्याने पत्र उघडलं आणि हसायलाच लागला. "अरे संभाजी, यात तर संभाजी वारला म्हणून लिहिलंय!" बिरू त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चुलत भाऊ हाय माझा. त्याच नावाचा." एवढं म्हणून मेंढरांना पाणी दाखवायला गेला. सुतक धरलं नाही, डोकं भादरलं नाही. कुणाचं धरणार? तिथे संभाजी तर चालत होता, जेवत होता, हाक मारली की ओ देत होता.

आणि अम्मानला… तेच त्याला सुटत नव्हतं. तंबूत टेबलामागे बसलेल्या वकिलातीच्या बाबूने विचारलं, पासपोर्ट? नाही. काही कागद? नाही. मग सांगा नाव. म्हणजे जे सांगेल ते. दुनियेत कुणाकडे त्याचा पुरावा नव्हता, तो काहीही होऊ शकत होता. स्वतःचं नाव सांगायची तेवढी एकच वेळ चालून आली होती. आणि मी म्हणालो संभाजी. का म्हणालो? भीतीने? सवयीने? की संभाजीला त्या कपाटात, पासपोर्टाबरोबर कुलपाआड ठेवून यायला जीव धजला नाही…

तरी ते परवडलं. घरी आल्यावर झालं ते नाही. दुपारची वेळ, दार ओढलेलं. आतून म्हाताऱ्या बानूबाईने — आईला आता दिसत नाही — विचारलं, "कोण हाय?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "संभाजी." सहा वर्षांची जीभ. आत काहीतरी पडलं, पितळेचं, गोल फिरत फिरत थांबलं. मग आई चाचपडत दाराशी आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरच्या जुन्या खोकेवर अंगठा थांबला. "न्हाय," ती म्हणाली, "बिरू हाय ह्यो." आणि खाली बसली. परत आल्याचा आनंद तिला झाला असेल, पण त्याआधी जे झालं ते तिच्या तोंडावर त्याने पाहिलं होतं. तेवढ्या दोन घटका धाकटा परत आला होता.

"दादा." मुक्ताबाईने हाक मारली. गाडी इंदापुरात शिरत होती. तिने पदर तोंडातून काढला, नजर मात्र समोरच्या बाकाच्या पाठीवर. "एक बोलू का?"

"बोल की."

"त्यांनी तुमास्नी नाव दिलं. मी कदी काय म्हणली न्हाय. तुमी संभाजी झाला की त्ये हितंच, जित्तं. कुंकू पुसलं त्ये कुणाचं मग? छकुलीनं लोकास्नी काय सांगायचं, बा कुठं हाय? नाव घ्या. मरण तेवढं त्यांचं त्यांच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

अप्पा गर्रकन वळले. "बाई, येडी हाईस का? खरं बोलला तर तुरुंगात जाईल ह्यो. दुसऱ्याच्या नावचा पासपोर्ट म्हंजी गुन्हा हाय गुन्हा! आन मेलेला काय उठून फिर्याद देनार हाय व्हय?"

मुक्ताबाईने पदर पुन्हा दातांत धरला.

ठाण्यात अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा नंबर आला. हवालदार वयस्क, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने चिठ्ठी घेतली, टाचणी उपसून टेबलाच्या कडेला ठेवली, फोटो आणि माणूस ताडून पाहिले. अप्पांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. हवालदाराने लिहिलं. मग मुक्ताबाईकडे वळला.

"हा तुमचा कोण?"

"थोरले दीर."

लेखणी थांबली. अप्पांनी डोळे मिटले.

"दीर? मग मालकाचं नाव काय?"

लग्न झाल्यापासून ते नाव तिने उच्चारलं नव्हतं. छकुलीचे बा, घरचे, ते — असंच चालत आलेलं. बायका नाव घेतात ते लग्नात, उखाण्यात, लाजत. तिच्या लग्नात तेही तिने कुजबुजतच घेतलं होतं. हवालदार वाट पाहत होता. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. तिने पदर सोडला, मान वर केली आणि मोठ्याने, कुणाला लांबून हाक मारावी तसं म्हणाली, "संभाजी."

"जी," बिरू म्हणाला.

मुक्ताबाईने त्याच्याकडे पाहिलं — सहा वर्षांत, किंवा सबंध आयुष्यात, पहिल्यांदा सरळ. रागाने नाही. त्या तोंडावर तेच होतं, जे दाराशी आईच्या तोंडावर होतं. एवढंच की आईचं तेव्हा उजळलं होतं आणि हिचं विझत होतं.

"वारले त्ये," ती हवालदाराला म्हणाली. "दोन वर्सं झाली. घाटाखाली."

"आणि मग तुम्ही कोण?" हवालदाराने बिरूला विचारलं.

रिकाम्या हौदाचा वास नाकात आला. "बिरू," तो म्हणाला. "बिरू तात्याबा मारकड." आवाज त्यालाच ओळखीचा वाटला नाही. पुढचं त्याने सांगितलं, दाखला, राख, सही, कपाट, सगळं. मेंढरांचंही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. हवालदाराने तेवढं लिहिलं नाही.

दीड तासाने जबाब पुरा झाला. "सही येते?"

"एकच येती," बिरू म्हणाला. "ती न्हाय चालायची."

हवालदाराने शाईचा पॅड पुढे सरकवला. अंगठा दाबताना बिरूला वाटलं, आपण कशावर तरी माती लोटतो आहोत.

"बघा," हवालदार चष्मा काढून म्हणाला, आणि त्याचा स्वर मऊ होता, "तुम्ही संभाजी नाही याला तुमच्या बोलण्याशिवाय पुरावा नाही. तुम्ही बिरू आहात याला मुळीच नाही. आणि तो मेला याला यांच्या बोलण्याशिवाय नाही. कागद पुण्याला जातील. गुन्हा नोंदवायचा का, ते वर ठरेल. तोवर गाव सोडायचं नाही."

बाहेर येताच अप्पांनी पाठ फिरवली. चहाही न पिता निघून गेले.

स्टँडवर तीनची गाडी आली नाही. चारचीही नाही. मुक्ताबाई पिशवीवर बसली होती. बिरू बाजूला, अंगठा इतर बोटांपासून लांब धरून. शाई पुसायची नव्हती, का ते त्याला सांगता येत नव्हतं. समोरच्या बाकावर धूळ साचलेली होती. त्याने दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ते नाव काढलं, सावकाश, डोक्यावरच्या टिपक्यासकट, आणि पाहत राहिला. मग घशातून एक आवाज आला, तो त्याला थांबवता आला नाही. मुक्ताबाईने मान वळवली नाही. थोड्या वेळाने तिने पाण्याचा तांब्या तेवढा त्याच्या बाजूला सरकवला.

"मला घाटाखालचा ओढा दावशील?" त्याने विचारलं.

"गाव सोडायचं न्हाय म्हणलेत न्हवं," ती म्हणाली.

"व्हय. तेबी हाय."

पाच वाजता कळसची गाडी लागली. त्या वेळी ठाण्याच्या टपालात पुण्याचा लखोटा बांधून ठेवलेला होता, तो सोमवारी निघायचा होता. आणि तोपर्यंत, सरकारी नोंदीप्रमाणे, संभाजी तात्याबा मारकड, वय बत्तीस, राहणार कळस, जिवंत होता.